डावा गाल

त्र्यंबक रावांचा फोटो स्टुडिओ मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत, एका मॅन्शनच्या जिन्याखाली आहे. वरच्या तीन मजल्यांवर नोकरीसाठी गावाकडून आलेली एकटी मुलं दाटीवाटीनं राहतात. त्यांच्या वाळत घातलेल्या लुंग्यांखालून वाकून आत शिरलं की राव भेटतात. बासष्ट वर्षांचे, काटकुळे, आणि कशावर ना कशावर कुरकुरत असलेले. पूर्वज तंजावरला आले त्याला तीनशेच्या वर वर्षं झाली, पण घरात मराठी टिकली. ती अशी की पुण्याचा माणूस आधी हसतो आणि मग जरा ओशाळतो, कारण त्याच्या पणजोबांच्या पत्रांत हीच भाषा असते.

रावांची कामं दोन. आठवडाभर जुनी घरं आणि रविवारी तरुण संसार. शहरातली जुनी घरं पाडली जाण्याआधी त्यांची नोंद करून ठेवणारी एक छोटी संस्था आहे, तिचे फोटो राव काढतात. जुन्या घराचा मालक म्हणजे एक नमुनाच. फोटोवाला येणार म्हटलं की तो आदल्या दिवशी भिंतीला चुना फासतो, आणि जिथं चुना पुरत नाही तिथं कॅलेंडर लावतो. मयिलापूरच्या एका गृहस्थांनी एका भेगेवर तीन कॅलेंडरं लावली होती. रावांनी तिन्ही उतरवली, भेगेचा वरपासून खालपर्यंत फोटो घेतला आणि तिन्ही पुन्हा होती तशी टांगली. घर आहे तसं दिसलं पाहिजे, हा त्यांचा नियम. एका मालकानं वाकलेला खांब कॉम्प्युटरवर सरळ करून मागितला, तेव्हा राव त्याच्या घरचं ताक अर्धं टाकून उठले होते.

रविवारचा मामला निराळा. अण्णा नगरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी लिहून टाकलं होतं की एक काका आहेत, मराठी बोलतात, जुनाट बोलतात पण गोड बोलतात, आणि लहान मुलं त्यांच्याकडे रडत नाहीत. तेव्हापासून रविवार भरलेला. ही मंडळी राहतात बाराव्या-चौदाव्या मजल्यावर, पण बाळाचा फोटो मात्र त्यांना लाकडी खांबाशी, पितळी घंगाळात, खाली पेरूची टोपली ठेवून हवा असतो. बापानं आयुष्यात पहिल्यांदा धोतर नेसलेलं असतं आणि एक हात कायम कमरेशी असतो. पुन्हा फोटो कसे हवेत, तर सहज टिपल्यासारखे, आणि त्या सहजपणाची मोबाईलवर बावीस कलमांची यादी. राव यादी वाचतात, कुरकुरतात आणि सगळं करून देतात.

फक्त एका बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. मद्रासकडे तान्ह्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाचा ठसठशीत गोल टिळा लावतात. आपल्याकडची तीट त्यापुढे काहीच नाही. हा टिळा आठ आण्याच्या नाण्याएवढा असतो, इकडे त्याला पोट्टु म्हणतात, आणि इथं राहायला आलेल्या मराठी आयाही तो लावायला शिकतात. रावांचं म्हणणं, फोटोत तो गालाला भोक पडल्यासारखा दिसतो. म्हणून बॅगेत खोबरेल तेलाची बाटली आणि कापूस कायम. लेन्स पुसायच्या आधी ते गाल पुसत. चाळीस वर्षांत असे किती गाल पुसले असतील याची मोजदाद नव्हती, आणि एकाही आईनं कधी तक्रार केली नव्हती.

त्या रविवारी ऋजुता आणि अमोघ आले. दोघंही इरुंगाट्टुकोट्टैच्या एकाच कारखान्यात, गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथं. ती क्वालिटीत, तो प्रॉडक्शनमध्ये. मुलगी ऊर्मी, अकरा महिन्यांची. पहिला वाढदिवस तोंडावर आला होता, त्याच्या आमंत्रणासाठी फोटो हवे होते, आणि त्यासाठीच दहा दिवसांनी अमोघचे आईवडील संगमनेरहून यायचे होते. जागा होती शेषाद्रींचं घर. शेषाद्री रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे आणि उत्साही. घराच्या मधोमध उघडा चौक, त्यात वरून पडणारं ऊन अकरा-सव्वाअकरापर्यंत मऊ असतं, हे रावांना पाठ होतं. नोंदीसाठी या घराचे फोटो त्यांनीच काढले होते. शेषाद्रींनी सगळ्यांना कॉफी दिली, घर कोणी बांधलं ते सांगितलं, कुणी ऐकत नाही असं पाहून पुन्हा सांगितलं आणि मग कोविलात, म्हणजे देवळात, निघून गेले.

ऊर्मी हसरी होती. आल्या आल्या तिनं रावांचा चष्मा ओढला. डाव्या गालावर मोठा, गोल, काळाभोर पोट्टु. रावांनी तो पाहिला तेव्हाच ऋजुता म्हणाली की काका, तीट तशीच राहू द्या, आमच्याकडे पद्धत आहे. आवाज साधाच होता, पण तिनं ते दोनदा सांगितलं. राव दोन्ही वेळा "सरि, सरि" म्हणाले. तमिळमध्ये याचा अर्थ बरं बरं असा होतो, आणि रावांच्या तोंडी त्याचा अर्थ असायचा की मला करायचं तेच मी करणार.

पहिले फोटो झाले. ऋजुता नऊवारी नेसायला आतल्या खोलीत गेली. अमोघ गाडीतून टोपली आणायला बाहेर गेला. ऊर्मी चटईवर बसून झाकण चघळत होती. रावांनी बाटली काढली, कापूस भिजवला, तिच्यापुढे मांडी घालून बसले आणि मांजराचा आवाज काढत गाल पुसायला लागले.

वरचं काजळ निघालं. कापूस काळा झाला. पण गालावरचा काळा डाग काही जाईना. राव मनातल्या मनात कुरकुरले, हल्ली बाजारातलं वॉटरप्रूफ काजळ फासतात पोरांना. त्यांनी नवा कापूस घेतला, तेल जास्त घेतलं, आणि जरा जोरानं घासलं. मग आणखी जोरानं. भोवतालचा गाल लाल झाला आणि ऊर्मीनं भोकाड पसरलं.

ऋजुता अर्ध्या नेसलेल्या लुगड्याचा बोंगा धरून धावत बाहेर आली. तिनं रावांच्या हातातला कापूस पाहिला. मुलीचा गाल पाहिला.

"पुसू नका," ती म्हणाली. "ते जाणार नाही. ते तिचंच आहे."

रावांना समजायला एक क्षण लागला. मग समजलं, आणि आपण काय करत होतो तेही समजलं. अकरा महिन्यांच्या पोरीची जन्मखूण ते मळ समजून घासत होते. हातातल्या तेलकट कापसाचं काय करावं ते त्यांना सुचेना. त्यांनी तो शर्टाच्या खिशात घातला. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं, म्हणजे इतके दिवस ते निव्वळ नशिबानं निभावलं होतं, असंही त्यांच्या मनात आलं. तोंडानं ते एवढंच म्हणाले, "माझं चुकलं, अम्मा. माहीत नसतां घासलों."

अमोघ टोपली घेऊन आला, तो दारातच थांबला. ऋजुता मुलीला खांद्यावर घेऊन थोपटत होती आणि स्वतःही रडत होती. मग, कदाचित हा म्हातारा आपला कुणीच नाही म्हणूनच असेल, तिनं सगळं सांगून टाकलं.

ऊर्मी जन्मली तेव्हा गालावर नुसता चहाच्या डागासारखा फिकट ठसा होता. बारशाला सासूसासरे येऊन गेले, त्यांच्या लक्षातही आला नाही. तिसऱ्या महिन्यात तो गडद होत गेला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, निरुपद्रवी आहे, वाढेल तसं लक्ष ठेवू. अमोघनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. ऋजुताला मात्र सोडता येईना. सासूबाईंचा, म्हणजे कुमुदिनीबाईंचा, रोज अकरा वाजता पूजा आटोपली की व्हिडिओ कॉल येई. फोन घेण्याआधी ऋजुता त्या डागावर काजळ लावून तो गोल करून घेई. इथं सगळ्याच मुलांच्या गालावर असतो तसा. सासूबाईंनी एकदा विचारलं, केवढी गं ती तीट, तर इकडची पद्धत आहे आई, असं सांगून मोकळी झाली. आठ महिने हेच चाललं होतं. ती कामावर असली की हा फोन पाळणाघरातल्या बाई घेत; त्यांनासुद्धा ती बजावून जाई, अकराच्या आधी काजळ पाहा.

अमोघ म्हणाला की मी शंभरदा सांगितलं, आईला सांगून टाकू, आई काय खाणार आहे का. त्यावर ऋजुतानं त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"तुला माहीत नाही," ती म्हणाली. मग रावांकडे वळली. "काका, मला सातवा महिना होता तेव्हा ग्रहण होतं. आईंनी आठ दिवस आधीपासून बजावलं होतं. बसून राहा, काही चिरू नको, कापू नको. त्या दिवशी आमच्याकडे कस्टमरचं ऑडिट होतं. मी कामावर होते. कटरनं खोक्यांच्या पट्ट्या कापत होते, एकामागून एक. आईंचे पाच फोन आले, मी फोन लॉकरमध्ये ठेवला. संध्याकाळी सांगितलं, बसले होते, हललेसुद्धा नाही."

अमोघला हे नवीन होतं. ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

"मी इंजिनीअर आहे," ऋजुता म्हणाली. "ग्रहण म्हणजे सावली, हे मला कळतं. पण रात्री हिच्याकडे बघते तेव्हा मला तो कटरच दिसतो. मीच केलं हे हिला."

चौकात ऊन पडलं होतं. असं ऊन वाया जाताना राव एरवी तडफडले असते. आज ते चटईवर बसून राहिले. त्यांना एक गोष्ट सांगायची होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितलेली नव्हती. भावांना नाही, मित्रांना नाही, ग्रुपवरच्या मंडळींना तर नाहीच.

"आमची विजयालक्ष्मी ग्रहणांत बसली होती, अम्मा," ते म्हणाले. "दार लावून, दर्भ जवळ ठेवून. हात हालवली नाही, पाणी प्याली नाही. मी दारापाशी बसून होतों, मी पाहिलों. आणि आमचा कौशिक जन्मला तो वरचा ओठ दुभंगून. माझी आई काय म्हणाली ठाऊक? ही आंत नक्की हालली असेल."

ऋजुता थोपटायची थांबली.

पुढचं राव अडखळत बोलले, काही मराठीत, काही तमिळमध्ये. त्यांची बायको विजयालक्ष्मी जिवंत असेपर्यंत आपण हललो की काय हेच आठवत राहिली. चौदा महिन्यांचा असताना मुलाचं ऑपरेशन झालं, ओठ छान जुळला, आज मिशीखाली कुणाला दिसतही नाही. मुलगा कोइंबतूरला आहे, बरं चाललं आहे. गेल्या वर्षी त्याची बायको गरोदर होती, डॉक्टरांनी घराण्यात कुणाला काही होतं का विचारलं, तेव्हा त्याचा फोन आला. अप्पा, ऑपरेशनच्या आधीचा माझा एखादा फोटो पाठवा.

"फोटो नाही म्हणालों," राव म्हणाले. "एकही नाही. घरांत चार कॅमेरे होते. शेजाऱ्यांच्या पोरांचे काढलों, गल्लींतल्या कुत्र्याचे काढलों. त्याचे काढलों नाही. उद्यां ओठ बरा होईल, मग काढूं, असं म्हणत राहिलों. कौशिक रागावला नाही. तो एवढंच विचारला, अप्पा, तुमच्याकडे नाही?"

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. त्या सोग्याला तेल लागलं होतं, त्यामुळे काच आणखीच धुरकट झाली, आणि ते स्वतःवरच कुरकुरले. अमोघनं टोपली खाली ठेवली आणि येऊन बायकोशेजारी बसला. त्यानं मुलीला आपल्याकडे घेतलं, म्हणजे ऋजुताला डोळे पुसता यावेत.

थोड्या वेळानं राव म्हणाले की त्यांना डाव्या बाजूनं दोन फोटो काढू द्यावेत. आवडले तर ठेवा, नाही तर तुमच्यासमोर पुसून टाकतो. ऋजुतानं मान हलवली. होकार होता की नुसता थकवा होता, ते रावांना कळलं नाही. त्यांनी नको म्हणायची वेळ दिली, ती काही म्हणाली नाही. मग त्यांनी कॅमेरा उचलला. बापाच्या मांडीवर बसून ऊर्मी वरून येणाऱ्या उन्हाकडे बघत होती. गाल अजून लालसर, तेलानं चकाकणारा, आणि त्यावर ती खूण, कडा किंचित वेडीवाकडी. काजळाचा गोल नसला की ती गोल नव्हतीच. दोन म्हणता म्हणता रावांनी अकरा फोटो काढले.

बारावा काढणार तेवढ्यात ऋजुताचा फोन वाजला. अकरा वाजले होते.

सगळे त्या फोनकडे बघत राहिले. पडद्यावर कुमुदिनीबाईंचा फोटो आणि खाली "आई" असं नाव. अमोघ हळूच म्हणाला की घेऊ नको, मी संध्याकाळी बोलतो तिच्याशी. ऋजुता पर्समध्ये काजळाची डबी शोधायला लागली. डबी पर्समध्ये नव्हती, चटईवर रावांच्या गुडघ्याशी पडली होती. रावांनी ती उचलली. ही डबी खिशात घालावी आणि देऊच नये, असं त्यांना फार वाटलं. पण एकदा ते तिला न विचारता करून बसले होते. त्यांनी हात लांब करून डबी तिच्यापुढे धरली.

ऋजुतानं डबीकडे पाहिलं. मग फोन घेतला, आणि डबी तशीच राहिली.

कुमुदिनीबाई खणखणीत आवाजाच्या होत्या. आज जागा कुठली, मागे खांब कसले, तू नऊवारी नेसलीस की नुसती गुंडाळलीस, असे तीन प्रश्न त्यांनी एका दमात विचारले. मग म्हणाल्या, पिल्लू कुठंय. ऋजुतानं फोन मुलीसमोर धरला. पलीकडचा आवाज थांबला.

"हे काय आहे गालावर?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"जन्मखूण आहे, आई. तिसऱ्या महिन्यापासून गडद झाली. मी काजळानं झाकत होते."

"रोज?"

"रोज."

मग तो प्रश्न आलाच. आठ महिने ज्याची वाट बघत ऋजुता रोज काजळ लावत होती, तोच प्रश्न, जवळपास त्याच शब्दांत.

"ग्रहणात बसली होतीस ना गं तू?"

"नाही," ऋजुता म्हणाली. "कामावर होते. तुमच्याशी खोटं बोलले."

तिचा हात एवढा थरथरत होता की पडद्यावर कुमुदिनीबाईंना नातीचं नुसतं कपाळ आणि शेषाद्रींचे खांब दिसत असणार. अमोघनं पुढे होऊन "आई, ऐक" असं सुरू केलं. पलीकडून त्याला गप्प बस म्हणून सांगण्यात आलं, तेही शांतपणे.

"दुखतं का तिला?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

आठ महिन्यांत ऋजुतानं या फोनची शंभर उत्तरं मनात घोकली होती, डॉक्टरांची चिठ्ठीही पाठ केली होती. हा प्रश्न त्यांत नव्हता. ती नुसती मान हलवत राहिली, आणि ती मान पडद्यात दिसतच नव्हती.

"नाही दुखत," शेवटी राव म्हणाले. "मी आत्तां जोरानं घासलों, तरी ती माझ्यावर रागावली इतकंच."

हे कोण बोललं, असं कुमुदिनीबाईंनी विचारलं. फोटोवाले, असं अमोघनं सांगितलं.

"मग ही रडतेय कशाला?" त्या म्हणाल्या, आणि आता त्यांचाही आवाज धड नव्हता. "अहो फोटोवाले, तिच्या हातातून तो फोन घ्या. नुसता हलतोय. मला माझी नात नीट दाखवा, डाव्या बाजूनं."

रावांनी कॅमेरा चटईवर ठेवला आणि दोन्ही हातांनी फोन घेतला. ऊन कुठून येतंय ते पाहून ते जरा डावीकडे सरकले, गुडघ्यावर वाकले, आणि कुमुदिनीबाई पुरे म्हणेपर्यंत तसेच धरून राहिले.